दोन साक्षीदार

"आलास?" वसंता माळ्यानं दार उघडून विचारलं.

"नाही, अजून वाटेतच आहे," मी म्हणालो.

तो खांदे हलवत हसला. तेरा वर्षांनी त्याला बघत होतो. मिशा पांढऱ्या झालेल्या, पुढचा एक दात गेलेला, पण हसणं तेच. माझ्या हातातली बॅग त्यानं ओढून घेतली, मला मिठी मारली, पाठीत दोन गुद्दे घातले आणि दारातून बाजूला सरला. मी उंबऱ्याशी जरा रेंगाळलो. कान टवकारूनच उभा होतो म्हणा ना. पण तो 'ये' म्हणाला नाही. आत वळून ओरडला, "मालन, पाणी आण गं. रघ्या आलाय ऑकलंडवरनं!"

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. मी कुरुंदवाडला घर विकायला गेलो होतो.

घर कसलं, दोन कौलारू खोल्या. पुढं तुळस, मागं मोरी. त्या दोन खोल्यांत माझ्या आईनं, आक्कानं, चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं. वडील गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, जे येईल ते शिवून तिनं मला शिकवलं आणि न्यूझीलंडला पाठवलं. पहिल्या वर्षी मला तिथं करमेना. दस्तगीरच्या गॅरेजशेजारच्या बूथवर फोन करून मी ढसाढसा रडलो. दस्तगीर म्हणाला, "मग ये की लेका परत. हाय काय त्यात!" मी तिकिटाची चौकशीसुद्धा केली. हे आक्काला कळलं मात्र, ती तडक गॅरेजात गेली आणि गिऱ्हाइकांच्या देखत तिनं दस्तगीरला फैलावर घेतलं. "माझ्या पोराला पुन्हा मागं ओढलंस तर बघ! गाठ माझ्याशी आहे." ही हकीकत आम्ही पुढं कितीतरी वर्षं हसून सांगायचो.

वसंता, दस्तगीर आणि मी. पहिलीपासून एका बाकावर. वसंता पुढं शाळेत क्लार्क झाला, दस्तगीरनं मोटारसायकलींचं गॅरेज टाकलं, मी उडालो परदेशी. तरी फोन असायचे. कधी दस्तगीर उरुसाला ये म्हणायचा, कधी वसंता बेंदराला ये म्हणायचा. दोन-तीन वर्षांनी मी जायचोही.

मग आक्का गेली. झोपेतच गेली, पहाटे. त्याच आठवड्यात तिकडं माझ्या बायकोच्या, सुलभाच्या छातीतली गाठ काढायची होती. मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये फोन कानाला लावून उभा होतो आणि इकडं वसंता विचारत होता, "काय करू, सांग." मी म्हणालो, "तूच कर सगळं." त्यानं अग्नी दिला, त्यानंच दहावं-तेरावं केलं. मी आईच्या दहाव्यालासुद्धा गेलो नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते.

आणि तेव्हापासून या दोघांनी मला 'ये' म्हणणं बंद केलं.

आधी माझ्या ध्यानात आलं नाही. सुलभाच्या आजारपणात सात वर्षं गेली. फोन केला की दोघं प्रेमानं बोलायचे, खोदून खोदून चौकशी करायचे. पण सुलभा गेली, मुलगी नोकरीसाठी वेलिंग्टनला गेली, आणि घरात माणसाचा आवाज म्हणजे फक्त रेडिओ उरला. मराठी विसरेन या भीतीनं मी भांडी घासताना भांड्यांशी बोलायचो. "चला बाईसाहेब, आता तुमची पाळी," असं कुकरला म्हणायचो. तेव्हा मग मी फोनवर खडे टाकायला लागलो. "यावंसं वाटतंय रे." वसंता म्हणायचा, "तब्येतीला जप." दस्तगीरला म्हटलं, "इथं कंटाळलो बघ." तो म्हणायचा, "देव तुला तिथंच सुखात ठेवो."

एकदा नाही, दहादा. शेवटी मी समजलो. आईच्या मयताला न आलेला माणूस यांच्या मनातून उतरला होता. बोलून दाखवत नव्हते एवढंच.

माझा स्वभाव मुळात तापट. म्हटलं, नको असेन तर नको. शेजारच्या हेरवाड्यांना दुकान वाढवायला जागा हवीच होती. वसंताला फोनवर सांगितलं, घर विकतोय. तो म्हणाला, "तुझं घर, तुझी मर्जी."

तरीसुद्धा विमानात बसताना मनाशी एक ठरवलं होतं. या दोघांपैकी एकानं, एकदा जरी म्हटलं की विकू नको, ये इकडं राहायला, तर सही करायची नाही. हेरवाड्यांचे पाय धरीन, पण सही करणार नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मागून घेतलेल्या बोलावण्याला काय अर्थ?

चहा झाल्यावर वसंतानं खुंटीवरची किल्ली काढली. तीन घरं सोडून आमचं घर. कुलूप उघडताना ते जरासुद्धा कुरकुरलं नाही. आत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थबकलो. मला वाटलं होतं जळमटं असतील, उंदीर असतील. जमीन लख्ख पुसलेली. देवळीत दिवा, वातीला ताजं तेल. मशीनवर आक्काचंच जुनं सुती लुगडं दुमडून घातलेलं. मी ते उचललं आणि चाकाला हात लावला, तर चाक गरकन फिरलं.

"तेल कोण घालतं याला?"

"दस्त्या. महिन्याच्या महिन्याला." वसंता खिडकी उघडत म्हणाला. "पूर आला तेव्हा दोघांनी उचलून आमच्या माडीवर नेलं हुतं. लई जड हाय रं."

"आणि दिवा?"

"मालन लावती."

म्हटलं, आता म्हणेल. आता याक्षणी म्हणेल. मी मुद्दाम पाठ करून उभा राहिलो, त्याला बोलणं सोपं जावं म्हणून. मालनवहिनी मागोमाग आल्या होत्या. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "भाऊजी, एवढं चांगलं घर, मी म्हणते तुम्ही आता हितंच..."

"मालन," वसंता म्हणाला. आवाज चढवला नाही, पण वहिनी गप्प झाल्या. "दूध उतू जाईल बघ."

दूध तर मघाशीच उतरवलं होतं. मी बघितलं होतं. वहिनी खाली मान घालून निघून गेल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाईमाणसाच्या तोंडून चुकून निघालेला शब्दसुद्धा याला खपत नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजात गेलो. दस्तगीर एका स्कूटरचं इंजिन खोलून बसला होता. मला बघून उठला, काळे हात मागं धरून नुसत्या छातीनं भेटला. मग डबा उघडून समोर ठेवला. त्यात बासुंदी. मला आवडते म्हणून सकाळी सकाळी जाऊन आणून ठेवली होती. मी लाकडी बाकड्यावर बसलो आणि यावेळी आडपडदा ठेवला नाही.

"दस्त्या, घर विकू का नको?"

त्यानं पाना उचलला. "मला काय इचारतोस? तुझं तू बघ."

"तुला काय वाटतं ते सांग की."

"मला काय वाटायचंय?"

"बरं, समज, मी परत आलो. कायमचा. आक्काच्या घरात राहिलो. सकाळी तुझ्या गॅरेजात येऊन बसलो, संध्याकाळी घाटावर गेलो. तर?"

पाना नटावर तसाच राहिला. दस्तगीरच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर गेला.

"तिथं हवा चांगली असती म्हणं," तो शेवटी म्हणाला. "दवाखानं पण चांगलं. ह्या वयात दवाखाना जवळ पायजे."

"माझं सोड. तुला मी इथं हवाय का नकोय, ते सांग!"

"बासुंदी खा रं," दस्तगीर म्हणाला. "इरजून जाईल."

मी डबा तसाच ठेवून उठलो. असा राग आला होता मला, की घाटापर्यंत गेलो तरी कान गरम होते. ज्या पायऱ्यांवर आम्ही तिघं दप्तरं टाकून पाण्यात उड्या मारायचो, त्या पायऱ्यांवर एकटाच तासभर बसलो. शेजारी एक म्हातारा धोतर पिळत होता. त्यानं विचारलं, "कोन गावचं पावणं?" मी म्हणालो, "लांबचा आहे." गावात जन्मलो, वाढलो, आणि माझ्याच तोंडून हे उत्तर आलं.

तिसऱ्या दिवशी शिरोळला रजिस्टर ऑफिसात गेलो. खरेदीपत्राला दोन साक्षीदार लागतात. मी आदल्या रात्री जेवताना मुद्दाम म्हणालो होतो, "तुम्ही दोघंच व्हा साक्षीदार." डिवचायलाच म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू? वाटलं होतं, एवढ्यानं तरी फुटतील. वसंता घास तसाच धरून म्हणाला, "होतो." दस्तगीरला फोन केला तर तोही म्हणाला, "येतो."

तिथं बाकावर आम्ही तिघं ओळीनं बसलो, पहिलीत बसायचो तसे. मी मधे. नंबर लागायला दोन तास लागले. कारकुनानं नाव पुकारलं. त्या छोट्या कॅमेऱ्यात एकेकाचा फोटो निघाला, अंगठे घेतले. दस्तगीरच्या अंगठ्याच्या रेषा ऑइलनं आणि कामानं झिजलेल्या, मशीन काही अंगठा घेईना. कारकून म्हणाला, "पुसून परत ठेवा." दस्तगीरनं सदऱ्याला पुसून परत ठेवला. चार वेळा ठेवला. चौथ्यांदा त्याचा हात इतका थरथरत होता की वसंतानं त्याचं मनगट धरलं. मला वाटलं, वय झालं.

मग माझी पाळी. पेन हातात घेऊन मी मागं वळून बघितलं. शेवटची संधी दिली त्यांना. दोघंही जमिनीकडं बघत होते.

मी सही केली.

दुपारी हेरवाड्यांना किल्ली दिली. मशीन वसंताकडं ठेवलं. संध्याकाळी वहिनींनी जेवायला भाकरी, भरलं वांगं, ताकाची कढी, सगळं माझ्या आवडीचं केलं होतं. दस्तगीरही होता. मी दुसऱ्याच दिवशी निघतो म्हणून सांगितलं. आणखी चार दिवस राहायचं ठरलं होतं, तरी कुणी थांब म्हणालं नाही. वहिनींनी वसंताकडं बघितलं, वसंतानं ताटाकडं.

माझ्या हातातला घास ताटात पडला. मग मी जे बोललो ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. म्हणालो, "आईच्या मातीला आलो नाही म्हणून अकरा वर्षं दावा धरलात. शिव्या द्यायच्या होत्या! थोबाडीत मारायची होती! इथनं तिथनं गोड बोलायचं, मशीनला तेल घालायचं, आणि जित्या माणसाला एकदा 'ये' म्हणायला तुमच्या जिभा झडल्या? माझी बायको मेली. मी कुकरशी बोलतो रे तिथं! तुमच्यापैकी एकजण म्हणाला असता, तर मी चालत आलो असतो!"

वहिनींनी एकदम पदर तोंडाशी धरला.

"म्हननार कसं?" त्या हुंदका देत म्हणाल्या. "कावळ्याला शबुद दिलाय ह्यांनी! आक्कांच्या दहाव्याला!"

"मालन!"

"ऱ्हाऊ द्या आता. गेलं न्हवं का घर? आता तरी सांगा."

वसंता उठला, हात धुतला आणि भिंतीला टेकून बसला. माझ्याकडं न बघता त्यानं सांगितलं.

घाटावर पिंड ठेवले तेव्हा आठ वाजले होते. समोर पिंपळावर कावळेच कावळे, पण एकही खाली येईना. नऊ वाजले, दहा वाजले. आक्काचा जीव कशात तरी अडकला होता. वसंता हात जोडून एकेक सांगत सुटला. आक्का, मशीन विकणार नाही. आक्का, तुळशीला रोज दिवा लावू. शिवायला आलेले लोकांचे खण ज्याचे त्याला पोचवू. कावळे जागचे हलले नाहीत. बाराच्या सुमाराला भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ. तेवढ्यात वसंताला सुचलं. तो म्हणाला, आक्का, रघ्याची काळजी करू नको, त्याला आम्ही बोलावून घेतो, तो येईल परत.

"तसा खाली फांदीवर आलेला एक कावळा पार शेंड्याला जाऊन बसला," वसंता म्हणाला. "डोळ्यांनी बघितलं म्या."

पुढचं दस्तगीर बोलला. त्या दिवशी तोही घाटावर, मागं उभा होता.

"आमच्यात असलं कायी नसतं रघ्या. पण मला ती गॅरेजात आली हुती ते आठवलं. मागं ओढलंस तर बघ म्हणालीवती. मी चपला काढून म्होरं गेलो, हात जोडलं. म्हटलं, आक्का, त्याला आम्ही मागं ओढनार न्हाई. कधी ये म्हननार न्हाई. सुखानं ऱ्हाऊ दे त्याला तिथं. माझं बोलून व्हायच्या आत कावळा पिंडावर."

माझ्या ताटातली कढी गार होऊन तिच्यावर साय धरली होती.

"अरे, दुपारचे बारा वाजलेले," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना. "भूक लागली असेल रे त्याला."

"आसंल," दस्तगीर म्हणाला. "पण आम्ही शबुद दिला."

"तेव्हा सुलभा होती. आक्काला काय ठाऊक मी असा एकटा पडेन?"

"ते आम्हाला बी कळत हुतं," वसंता म्हणाला. "तुझा फोन ठेवला की आम्ही दोघं घाटावर जाऊन बसायचो. पण मेलेल्या माणसाला दिलेला शबुद माघारी कुणाकडं मागायचा? घर विकू नको म्हणनं म्हंजे बी ये म्हणनंच की. सकाळी अंगठा देताना ह्याचा हात बघितलास न्हवं?"

बघितला होता. वय झालं असं वाटलं होतं मला.

मी तिथंच पाटावर बसल्या बसल्या रडलो, लहान पोरासारखा, नाक ओढत. दस्तगीर सरकून जवळ आला आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी उठेपर्यंत त्यानं काढलाच नाही. त्यांच्यावर मी इतके दिवस चिडलो होतो. आक्कावर मात्र मला चिडता येईना. तिनं पोराला वर काढायला पायांची हाडं झिजवली होती, तिला दुसरं काय सुचणार?

मनात आलं, सकाळी हेरवाड्यांकडं जावं, किल्ली परत मागावी. पण त्यांच्या गवंड्यानं संध्याकाळीच मधली भिंत ठोकून बघितली होती. तुळस त्यांनी विचारून बाजूला काढून ठेवली होती. भली माणसं ती.

सकाळी रिक्षा दारात आली. वहिनींनी दही घातलं हातावर. त्या बाहेर आल्या नाहीत, दारामागनंच डोळे पुसत राहिल्या. मी बॅगा ठेवल्या, आत बसलो, आणि सवयीनं म्हणालो, "येतो."

आपल्याकडं माणूस जाताना 'येतो' म्हणतो आणि पोचवणारा 'ये' म्हणतो. वसंताचे ओठ हलले. मग त्यानं ते मिटून घेतले आणि मान खाली घातली. दस्तगीर रस्त्याच्या पलीकडं गॅरेजच्या कपड्यांतच उभा होता. तो नुसता माझ्याकडं बघत होता.

रिक्षा सुरू झाली. वळणाशी पोचली तेव्हा मी बाजूनं डोकं काढून मागं बघितलं. दस्तगीरनं आधी इकडंतिकडं बघितलं, मग वर, कौलांमागनं दिसणाऱ्या घाटावरच्या पिंपळाकडं. आणि उजवा हात खांद्याइतका वर करून, तळवा खाली धरून, काळी बोटं आपल्या अंगाकडं हलवली. लांब गेलेल्या पोराला माणूस जवळ बोलावतो, तशी. एकदा, दोनदा, तीनदा. तोंड घट्ट मिटलेलं.

मीही हात केला. अकरा वर्षांनी बोलावणं आलं होतं, आणि आता यायचं कुठं, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.